एक किलो स्वच्छ माती

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या व्याह्यांनी मला विचारलं, "आपण नोकरीत नेमकं काय करायचात?"

"माती गोळा करायचो," मी म्हणालो.

ते मोठ्याने हसले. त्यांना वाटलं, मी विनयाने बोलतोय.

"खरंच सांगतो. जमिनीला भोक पाडायचं, माती काढायची, पिशवीत भरायची आणि चिठ्ठी लावायची."

व्याह्यांनी चहाचा घोट घेतला आणि हवापाण्याचा विषय काढला. लग्न झालं, मुलगी सुखात आहे, पण माझं उत्तर अर्धवट राहिलं याची रुखरुख तेवढी राहून गेली. म्हणून हा लेख.

ही गोष्ट मध्यप्रदेश अखंड होता तेव्हाची. छत्तीसगड हे तेव्हा राज्य नव्हतं, बोलीत आणि जेवणाच्या ताटात मात्र होतं. माझे वडील भिलाईच्या पोलाद कारखान्यात खलाशी, म्हणजे यंत्रांवरचे मदतनीस, होते. मी आमगावला मामांकडे राहून शिकलो, गोंदियाला बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यात पदवीचा कागद पहिल्यांदाच आला होता. आईने तो देवाजवळ ठेवून त्याला हळदीकुंकू वाहिलं. त्यातला एक पिवळा डाग अजून तसाच आहे, आणि पुढे प्रत्येक मुलाखतीत मला तो समजावून सांगावा लागला.

देशकर सरांनी मात्र डागाबद्दल काही विचारलं नाही. सर रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. भिलाईच्या सिविक सेंटरला एका कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांनी प्रयोगशाळा काढली होती. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "चमचा कसा धुतोस?"

मी म्हणालो, "तीनदा साध्या पाण्याने, एकदा डिस्टिल्ड वॉटरने, आणि पुसत नाही."

"पुसत का नाहीस?"

"फडकं स्वच्छ आहे, हे कशावरून?"

"उद्यापासून ये," सर म्हणाले. गावाकडच्या शाळेत मास्तरांच्या छडीखाली शिकलेल्या फडक्याच्या त्या एका वाक्यावर माझं घर पुढे पंचवीस वर्षं चाललं.

सुरुवातीला आम्ही पाणी आणि कोळसा तपासायचो. मग कारखान्यांच्या जमिनीची तपासणी हे नवं काम निघालं. एखादी जमीन विकत घ्यायची, तर तिच्या पोटात आधीच्या मालकाने काय ओतून ठेवलं आहे, ते बघायचं. त्यासाठी मातीचे नमुने काढायचे, आणि ते माझं काम होतं. माझ्यासोबत दुकालू असायचा. वयाने माझ्यापेक्षा मोठा, अंगाने सडपातळ, पण बरमा फिरवायला लागला की मुरमालाही घाम फुटायचा. बरमा म्हणजे जमिनीत पिळत पिळत घालायचं हत्यार, खाली स्क्रू आणि वर आडवा दांडा. जागोजागची माती काढायची, प्लास्टिकवर ढीग करायचा, मिसळायचा, त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन फेकायचे आणि उरलेले दोन पुन्हा मिसळायचे. एक किलो उरेपर्यंत हेच. चिठ्ठी पेन्सिलने लिहायची, कारण शाई ओलीत पसरते. एक चिठ्ठी पिशवीच्या आत, एक बाहेर. आणि दर दोन भोकांच्या मध्ये बरमा धुवायचा. सोपं काम आहे. तरीही त्यात चुका किती करता येतात, हे बाहेरच्यांना कळणार नाही.

लोकांना वाटायचं, आम्ही गुप्तधन शोधतोय. कुम्हारीला एका म्हाताऱ्याने आमच्या भोकाशेजारी नारळ आणि उदबत्ती आणून ठेवली. "निकले तो आधा गाँव का," असं त्याने बजावलं. निघाला एक गंजका नटबोल्ट. त्यातला अर्धा त्याने मागितला नाही.

दुसरा एक मालक याहून भारी. आम्ही येणार म्हणून त्याने आदल्या दिवशी सगळ्या आवारात ट्रकने लाल मुरूम आणून पसरला होता, वर पाणी शिंपडलं होतं. लग्नाचा मांडवच. "लीजिए साहब, जहाँ से मन करे लीजिए," हात पसरून म्हणाला. दुकालूने बरमा लावला. दोन वितींवर मुरूम संपला आणि खालून काळी, तेलकट माती वर आली. मालकाने दुकालूकडे असं पाहिलं की जणू त्याने पंगतीत सगळ्यांदेखत नवऱ्या मुलाची टोपी उडवली.

असो. मला सांगायची आहे ती रसमड्याची गोष्ट.

रसमडा या गावी एक छोटा कारखाना बंद पडला होता. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे. आता तो विकायला निघाला होता. घेणाऱ्यांचा भागीदार परदेशी होता आणि त्याला जमिनीचा कागद हवा होता. काम आमच्याकडे आलं. दिवाळी आठ दिवसांवर होती.

आवारातले नमुने काढून झाले. आता हवा होता कंट्रोल. कुठलीही माती घाण आहे हे सांगायला त्याच परिसरातली एक स्वच्छ माती शेजारी ठेवावी लागते, तिला आम्ही कंट्रोल म्हणायचो. तिच्याशी तुलना करून बाकीच्यांचा न्याय करायचा.

"कंट्रोल के माटी?" दुकालू म्हणाला. "मने राशन दुकान के?"

आमच्याकडे रेशनच्या दुकानाला कंट्रोलच म्हणतात. हा विनोद तो दर वेळी करायचा आणि दर वेळी एकटाच हसायचा.

कारखान्यापासून बरंच लांब, वारा येतो त्या बाजूला, म्हणजे कारखान्याचा धूर पोचणार नाही तिथे, बिसाहिनबाईंची बारी होती. बारी म्हणजे भाजीचा मळा. साठीच्या पुढची बाई, हातात चांदीची जाड कडी, काष्टा घातलेलं लुगडं. मुळा, लाल भाजी आणि वांगी लावलेली. शेणखताशिवाय त्या मातीला काही माहीत नव्हतं.

"का करत हस बाबू?"

मी सांगितलं, "दाई, इधर की सबसे अच्छी माटी चाहिए. इसलिए आपके पास आया."

दाई म्हणजे तिकडे आई. बाई फुलल्या. "त ले जा. फेर गड्ढा ल पाट के जाबे." म्हणजे खड्डा बुजवून जा. जाताना चार पेरू दिले. पिशवीवर मी पेन्सिलीने लिहिलं: कंट्रोल, रसमडा.

सरांचा कडक नियम होता की कंट्रोल इतर नमुन्यांच्या खोलीत वाळवायचा नाही. घाणेरड्या मातीचा एक कण उडून त्यात पडला की सगळं वाया. एरवी तो पुढच्या खोलीत ठेवायचो. पण दिवाळीची रंगरंगोटी चालू होती, पुढच्या खोलीत चुन्याच्या बादल्या. सर बाहेरगावी. मी विचार केला आणि तो नमुना घरी घेऊन गेलो. चार दिवस घरी सावलीत वाळेल, कोणी हात लावणार नाही. मी स्वतःवरच इतका खूश होतो की काय सांगू.

वडील निवृत्त झाल्यावर कारखान्याचं क्वार्टर सोडावं लागलं होतं. पॉवर हाऊस वस्तीच्या पलीकडे आम्ही भाड्याने राहत होतो. मागे भिंतीला लागून पितळेची भट्टी होती, दिवे आणि घंटा ओतायचे. आईला सांगितलं, "या कागदावरची माती कामाची आहे. हिला जपायचं."

"सरकारी आहे का?" आईने विचारलं.

"सरकारीच समज."

चौथ्या दिवशी माती वाळून तयार. आईने कागदाची पुडी सुद्धा बांधून ठेवली होती. मी ती पिशवीत भरून नागपूरच्या मोठ्या प्रयोगशाळेकडे बाकीच्या नमुन्यांसोबत रवाना केली.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी निकाल आला. सर कागद वाचत होते. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"लांजेवार, चिठ्ठ्यांची अदलाबदल केलीस?"

"नाही सर."

"मग कंट्रोलमध्ये शिसं आणि जस्त एवढं कसं? कारखान्याच्या आवाराच्या जवळपास आहे."

मी शपथेवर सांगितलं की चिठ्ठ्या बरोबर आहेत. त्या होत्याही. सर प्रामाणिक माणूस. आकडे आले तसे त्यांनी अहवालात लिहिले. विकणाऱ्याला आभाळ ठेंगणं झालं. तो म्हणायला लागला, आमच्या आवारात आणि गावच्या शेतात फरकच नाही, म्हणजे इथली मातीच तशी, कारखान्याचा दोष काय? त्याचा मुनीम अहवालाची झेरॉक्स घेऊन गावभर फिरला. गावाने त्यातलं एवढंच ऐकलं की बिसाहिनच्या बारीत जहर निघालं.

तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेच्या जिन्यावर कड्यांचा आवाज आला. बिसाहिनबाई डोक्यावर टोपली घेऊन वर आल्या. टोपलीत सुकत चाललेले मुळे. खाली न ठेवता उभ्यानेच विचारलं, "कोन हे माटी वाला बाबू?"

मी उभा राहिलो. कुठे लपायला जागा असती तर उभा राहिलो नसतो.

"तैं कहे रहे, सबले बढ़िया माटी," त्या म्हणाल्या. "तीन हाट होगे. मोर मुरई ल कोनो छूवय नहीं. मोर बहू लइका मन ल घर के भाजी नइ खवावत हे."

तीन आठवडी बाजार झाले, त्यांच्या मुळ्याला कोणी हात लावत नव्हतं. सुनेने नातवंडांना घरची भाजी द्यायचं बंद केलं होतं. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि मूठभर माती सरांच्या टेबलावर, कागदांच्या मधोमध ठेवली.

"देख ले. का खराबी हे, मोला बता."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मातीकडे. मऊ, भुरभुरीत, काळी कन्हार माती, शेणखताचा वास. "पुन्हा तपासतो दाई," एवढंच म्हणालो. टोपली उचलून त्या निघून गेल्या. सरांनी ती माती फडक्याने झटकली नाही. दिवसभर तशीच टेबलावर ठेवून तिच्या शेजारी कागद सरकवून लिहीत राहिले. मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

रविवारी मी घरी तोंड पाडून बसलो होतो. आई मागच्या न्हाणीच्या टिनावर, म्हणजे पत्र्याच्या छपरावर, रखियाच्या वड्या वाळत घालायची. रखिया म्हणजे आपला कोहळा. शेजारणींकडून शिकली होती. त्या दिवशी ती वड्या गोळा करत होती. खालचं जुनं धोतर तिने उचललं आणि जोरात झटकलं. काळपट धूळ उडाली. भट्टीमागे राहायला आल्यापासून आमच्याकडे प्रत्येक कपडा झटकूनच घडी व्हायचा; इतकी सवय की दिसेनासं झालं होतं. मग तिने छोटा झाडू घेतला आणि टिनावर सांडलेला वड्यांचा चुरा झाडून ताटात भरला.

"आई, तो चुरा कशाला?"

"फेकाचा का? असा कावून बसला तू सकाळपासून?" कावून म्हणजे का, आमच्याकडची बोली.

"काही नाही."

"कायी कसा नाही. थे तुही माती देल्ली तवापासून तोंड पाडून हायेस. म्या त बाप्पा लय जपली तिले. आंगनात कोंबड्या येत, म्हनून वर टिनावर ठेवली. वाऱ्यानं सांडली ना, त सारी झाडून झाडून भरली. एक दाना बी वाया नाही जाऊ देल्ला म्या."

मी टिनाकडे पाहिलं. जस्ताचा पत्रा. मागे भट्टीचं धुरांडं, दिवाळीच्या आधी दिव्यांच्या घाईत ते चोवीस तास चालू होतं. पितळेत जस्त असतं आणि मोडीच्या पितळेत शिसंही. आईचा झाडू. आईची पुडी. बी.एस्सी.च्या तीन वर्षांत मला कुठल्याही प्रयोगाचं उत्तर इतक्या झटपट मिळालं नव्हतं.

"काय पायतं रे?"

"काही नाही," मी म्हणालो. "वड्या आजपासून समोर अंगणात वाळव."

"कावून?"

"माकडं येतात इकडे."

"भिलाईत माकडं कोठची?"

सोमवारी कामावर जाईपर्यंत सायकलवर मी वाक्यं जुळवत होतो. नोकरी जाणार हे धरूनच चाललो होतो. वडिलांचं पेन्शन तुटपुंजं, घरात पदवीचा एकच कागद, तोही पिवळ्या डागाचा. गप्प बसलो असतो तर कोणालाच कळलं नसतं, हेही खोटं नाही. अख्ख्या रस्त्यात हा विचार मनात एकदाच आला असं म्हणणंही खोटं ठरेल. पण टेबलावरची ती मूठभर माती डोळ्यांपुढून हलत नव्हती.

मी सरांना सांगितलं की नमुना मी घरी नेला, भट्टीशेजारच्या पत्र्यावर वाळवला, सांडला आणि झाडून भरला.

"तू झाडून भरलास?" सरांनी विचारलं.

"हो."

"चमचा न पुसणारा माणूस झाडूने माती भरतो?"

मी आईचं नाव घेतलं नाही. त्यांना समजलं असावं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

"कागदावरची दुरुस्ती मी करतो," ते म्हणाले. "नवा निकाल आला की बाईंना तू जाऊन सांग. चिठ्ठी पाठवायची नाही. तोंडाने सांग."

दुसरा नमुना त्याच दिवशी काढला. सरांनी तो स्वतःच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, दारंखिडक्या लावून वाळवला. तितके दिवस सर आणि त्यांच्या पत्नी जमिनीवर बसून जेवले. सोबत माझ्या पत्र्यावरची चिमूटभर धूळही नागपूरला गेली. निकाल आला. बारीची माती धुतल्या तांदळासारखी, आणि पत्र्यावरची धूळ शिशाने आणि जस्ताने भरलेली. नव्या कंट्रोलशेजारी कारखान्याचं आवार उघडं पडलं. विकणाऱ्याला वरची माती खरवडून काढावी लागली. त्याने पुन्हा आमचं तोंड पाहिलं नाही, आणि त्याच्या ओळखीच्या दोघा-तिघांनीही. सरांनी त्याबद्दल मला कधी ऐकवलं नाही.

नवा कागद घेऊन मी गावच्या हाटात गेलो. दुकालू सोबत होता, म्हणाला, "मैं त देखे बर आए हंव." तमाशा बघायला आला होता. बिसाहिनबाई एका कोपऱ्यात बसल्या होत्या. समोर मुळ्यांचा ढीग, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी.

मी कागद उघडला आणि मोठ्याने, हिंदीत, सगळं वाचलं. चूक माझी होती, माती माझ्या घरी खराब झाली, दाईच्या बारीत काही दोष नाही. आजूबाजूच्या बायांनी ऐकलं आणि पुन्हा आपापल्या तराजूकडे वळल्या.

बिसाहिनबाईंनी माझा कागद घेतला, घडी करून आपल्या बुडाखाली ठेवला.

"कागज ले बिगड़े हे, कागज ले नइ बनय," त्या म्हणाल्या. कागदाने बिघडलेलं कागदाने सुधरत नाही. ढिगातून एक जाडजूड मुळा उपसून माझ्यापुढे धरला. त्याला माती तशीच चिकटलेली. "खा."

"इथे?"

"इहें. सबके आगू म."

मी खिशातून रुमाल काढला. "पोंछबे झन," त्या गरजल्या. पुसू नकोस.

मी पुसला नाही. चमच्याचा नियम इथेही लागू झाला म्हणायचा. उभ्याने कराकरा चावायला लागलो. मुळा असा तिखट की तिसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी. लोक जमायला लागले.

"रोवत काबर हे?" हा रडतोय का, असं कोणीतरी विचारलं.

"जहर आय का?"

"नइ गा," दुकालू ओरडला, "मजा आवत हे ओला! एक अउ देव!"

दुसरा मुळा हातात आला. मग तिसरा. मला उचकी लागली. एका पोक्त बाईने तांब्याभर पाणी दिलं आणि माझ्या तोंडाकडे बराच वेळ निरखून पाहिलं, बहुतेक मी कधी पडतो ते बघायला. मी पडलो नाही. तेव्हा तिने वाकून ढिगातला एक मुळा उचलला, वास घेतला आणि विचारलं, "कइसे देबे बिसाहिन?"

त्यानंतर मला कोणी विचारलं नाही. ढीग उतरत गेला. मी बाजूला पोत्यावर बसून उचक्या देत होतो. निघताना बिसाहिनबाईंनी शेवटची जुडी माझ्या हातात दिली.

"घर म महतारी हे?"

"हो."

"ओला दे देबे."

घरी आईने ती जुडी उलटसुलट करून पाहिली. पानं वेगळी केली, मुळे धुतले, एक तुकडा तोंडात टाकला.

"कोनाच्या वावरातला हाये हा?"

"ती माती होती ना, तू झाडून भरलेली? तिच्याच बारीतला."

आईचा चेहरा उजळला. "पाय! चांगली निगाली ना थे माती? म्या म्हनत होतो."

"चांगली निघाली."

"मंग? जपाव लागते बाबू. एक दाना बी सांडू नाही द्याव लागत."

पुढे कितीतरी वर्षं घरी पाहुणे आले आणि माझ्या कामाचा विषय निघाला, की आई दारातून सांगायची, "एक डाव माती त म्याच जपली होती. सरकारी माती." आणि मी पाहुण्यांना म्हणायचो, "हो, खरं आहे."

पत्र्यावरच्या वड्या आम्ही त्याआधी दोन हिवाळे खाल्ल्या होत्या. आमच्या स्वतःच्या अंगणाचा नमुना मात्र मी कधीच काढला नाही. मातीचं काम करणाऱ्या माणसाने हे सांगताना मान खालीच घालावी. निकाल आला असता, तर त्या झाडूबद्दल आईला सांगावं लागलं असतं.

आई आता नाही. सरही नाहीत. त्या दुरुस्त अहवालाची प्रत मात्र माझ्याकडे आहे. त्यात सरांच्या अक्षरात एक ओळ आहे: नमुना हाताळताना कर्मचाऱ्याकडून चूक. पुढे कंसात माझं नाव. पंचवीस वर्षांच्या नोकरीत माझं नाव अहवालात आलं ते एवढंच, आणि त्यात मला काहीही दुरुस्त करायचं नाही.